ब्रेक : सुस्थितीत

आज नववा दिवस.
माजलगावच्या ठाण्यामागं, जप्त वाळूच्या टिप्परांना लागून
माझी गाडी उभी आहे, डावा दिवा फुटलेली.
फाटक्या पोत्यातून सरकी गळते,
हवालदाराची शेळी रोज येऊन
मालाचा हिशेब थोडा थोडा कमी करते.

अंबाजोगाईहून निरीक्षक आले. सोनकांबळे साहेब.
चहा नको म्हणाले.
टॉर्च दातात धरून
पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरले.
बावीस वर्षं झाली मला स्टिअरिंगवर,
एवढा खाली गेलेला साहेब पहिल्यांदा पाहिला.

वकील काजी काल सांगून गेलेत :
ब्रेकात दोष निघाला तर तुझं हलकं होईल,
मालकाचं जड.
नाही निघाला, तर सगळं तुझ्याच अंगावर.
झंवरशेठचा फोन त्याच्याआधीच आला होता :
ब्रेक लागला म्हणू नको,
नाही लागला असंही म्हणू नको.
मग काय म्हणू, हे विचारायच्या आत फोन कट.

पात्रूडच्या पुढं, पहाटेचे पावणेतीन.
उसाच्या दोन ट्रॉल्या, मागचीचं टायर गेलेलं,
दिवा नाही, लाल पट्टी नाही,
बाहेर लोंबणारा ऊस अंधाराच्याच रंगाचा.
आणि जॅक फिरवत बसलेले लिंबाजी थोरात.
त्यांचं नाव मला दुसऱ्या दिवशी कागदावरून कळलं.

पंचनाम्यात आहे :
रबर घासल्याची खूण, एकोणीस मीटर.
काच. डाव्या पायाची एक चप्पल.
दिवा नव्हता, हे नाही.
'जे नव्हतं ते कसं लिवायचं?' पंच म्हणाला,
चहाचं हॉटेल आहे त्याचं, त्याला घाई होती.

ट्रॉलीवाले म्हणतात, मागं फांदी टाकली होती
बाभळीची, आणि तीन दगड.
मी रोज डोळे मिटून त्या रस्त्यानं पुन्हा येतो.
कधी फांदी दिसते, कधी नुसतं डांबर.
आता तर अशी झालीय
की पाहिली नसली तरी तिचे काटे मोजून सांगीन.

थोरातबाई आल्या होत्या कागदासाठी.
माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी.
'हीच का?' एवढंच विचारलं,
आणि चाकाला हात लावून पाहिला,
ताप आलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसा.

'दाब,' साहेब खालून म्हणाले.
दाबला. 'सोड.' हवा फुसकारली.
'परत दाब. धरून ठेव.'
हॉर्न वाजवायला लावला, शेळी पळाली.
टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं घालून बघितलं.
'लायनर नवे दिसतात. कुणी टाकले?'
'मीच. निघायच्या आदल्या दिवशी, सेलूला.'
'पैसे मालकाचे?'
'नाही साहेब, माझ्या भत्त्यातले.'
ते गाडीखालून बाहेर आले, गुडघे झाडले,
जरा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले.
'कामून सांगायलास रे हे मला?'
'तुम्ही इचारलं म्हणून.'

मग फळीवर कागद ठेवून लिहिलं :
ब्रेक सुस्थितीत. यांत्रिक दोष आढळून आला नाही.

सांगायला लाज वाटते,
पण ती ओळ वाचून एक क्षण छाती फुगली माझी.
माझ्या हातच्या कामावर
सरकारचा शिक्का आजवर कधी उठला नव्हता.

साहेब जीपमध्ये बसत होते तेव्हा विचारलं,
'ट्रॉली तपासली का, साहेब?'
त्यांनी हवालदाराकडं पाहिलं.
हवालदार म्हणाला, 'ती त्याच सकाळी सोडली.
ऊस वाळतोय ना. कारखान्याची चिठ्ठी होती.'

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं,
थोडा वेळ धरलं,
परत लावलं.

सरकी काही वाळत नाही.
शेळी परत आलीय.