विंगेतून शिफारस

वैजयंता, तू विचारलंस, यंदा कुठलं बसवू?
जुनं नको म्हणालीस,
बसवून बसवून ते खुर्च्यांनाही पाठ झालंय.
मी काय सांगणार? मला समीक्षा येत नाही.
दिवसा भुसावळच्या पार्सल ऑफिसात
कुलरच्या, कोंबड्यांच्या, हळदीच्या लग्नाच्या भांड्यांच्या पावत्या फाडल्या,
रात्री रेल्वेच्या हॉलात, डाव्या विंगेत,
टॉर्च आणि वही घेऊन बावीस वर्षं बसलो.
माझ्याकडे एकच माप आहे:
ओळीवर बोट ठेवलेलं असतं,
ऐकता ऐकता बोट तिथंच राहतं
आणि नाटक चार पानं पुढं गेलेलं.
असं फार थोड्यांदा झालं.
गेल्या चार वर्षांत मात्र तीनदा,
आणि तिन्ही वेळा लिहिणारं पोर तिशीच्या आतलं.

सावद्याच्या हर्षाली झोपेचं 'काट्यावर चौघं' वाच.
रात्रीचे दोन, केळीचा ट्रक वजनकाट्यावर, लाइट गेलेली.
ड्रायव्हर, काटेवाला, दलाल,
आणि दलालाची शाळकरी मुलगी, उगाच सोबत आलेली.
पहिल्या वाचनात वाटेल, यात घडतंय काय?
पुन्हा वाच.
चौघं एकमेकांना जोखतात
आणि आकडा कुणीच मोठ्यानं सांगत नाही.
शेवट लांबलाय. दहा मिनिटं काप,
पण तिला विचारून.

हसवायचं असेल तर यावलचा अन्वर तडवी.
'मीटर बंद आहे'. रीडिंग घेणारी बाई, सहा घरं, दार एकच.
हसू येतं ते भरतातल्या मिरचीसारखं,
आधी चव, मग डोळ्यांत पाणी.
दाराचा खर्च करू नकोस, माझ्याकडे जुनं पडलंय,
कडी चांगली वाजते.
आणि हॉलमागून मालगाडी जाते म्हणून
बाहेरगावचे नट वैतागतात ना,
अन्वरनं दुसऱ्या अंकात लिहूनच ठेवलंय:
'इथं गाडी आली तर जाऊ द्यावी.'
असा लेखक मी तरी दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्याबद्दल सांगायला जरा जड जातं.
'सुरतना फोन'. शिरपूरकडच्या दीपमाला कोळीचं, सगळं अहिराणीत.
एक बाई, एक मोबाइल.
भाऊ सुरतेला लूमवर, तो आपल्याला ऐकूच येत नाही.
"जेवना का रे? ... मंग बोल ना.
मी आयकी ऱ्हायनी."
मंडळातले म्हणतील, स्पर्धेत अहिराणी चालत नाही.
चालत नाही, की कुणी चालवून पाहिली नाही,
एवढं विचार त्यांना.

चोपड्याच्या प्रयोगात, अडतिसाव्या पानावर
शकुंतला गप्प झाली. फोन कानाला.
मी तीन मोजले. पाच. सात.
टॉर्चखाली पुढची ओळ तयार होती,
मला वाटलं, गेली बाई, विसरली.
हळूच दिली. पहिल्या तीन रांगांना ऐकू गेली.
ती विसरली नव्हती गं.
पलीकडून भाऊ बोलत होता,
आणि सगळ्या हॉलला तो ऐकू येत होता,
एक मी सोडून.
प्रयोगानंतर ती काही बोलली नाही.
मेकअप पुसला, चहा घेतला,
मलाही अर्धा कप दिला.

म्हणून म्हणतो, तेच कर.
दीपमालाला आधी फोन लाव, परवानगी घे,
मानधन आधी पाठव, पाचशे का होईना,
'नंतर बघू' म्हणू नकोस, आपलं नंतर कधी येत नाही.
विंगेत यंदा खुर्ची ठेवू नकोस.
मला तिकीट दे, मागचंही चालेल.

वही सोबत पाठवतोय. झेरॉक्स फिकी आहे.
अडतिसाव्या पानावर कंसात दोन शब्द आहेत,
नीट उजेडात धर:
(ती ऐकते.)
बावीस वर्षांत मी कंस कधी वाचलेच नाहीत.
प्रॉम्प्टरला वाटायचं,
ते बोलायचे नसतात.