हातउसना धैवत

शारजा, अल नहदा, सातवा मजला.
रात्रीचे पावणेदोन.
एसीची घरघर माझ्या पंचमाच्या किंचित वर लागलेली,
तिला सांगून उपयोग नाही,
म्हणून मीच हेडफोन चढवते.

पडद्यावर पाण्याचा टँकर.
चालवणारी मुलगी बोटभर उंचीची,
दिवसभर वाळूतल्या वाड्यांना पाणी वाटून
आता घराकडे निघालीय.
तिचं हे शेवटचं वळण आणि माझं हे काम:
ब्याण्णव सेकंदांचं संगीत,
जे संपेल, पुन्हा सुरू होईल
आणि सांधा कुणाला दिसणार नाही.

शम्साचा निरोप आलाय:
"घरी आल्यासारखं वाटतंय.
उशिरा आल्यासारखं वाटत नाहीये."
एवढंच. तिला सुरांची नावं येत नाहीत,
पण चूक बरोबर सापडते.

मी सगळं शुद्ध ठेवलं होतं.
सा ग प, मग म ध सा, मग परत घर.
झाडलेलं अंगण, लागलेला दिवा.
पोरगी वेळेवर आली, हातपाय धुतले, जेवली.
यात उशीर आणू कुठून?

कुडाळला परुळेकर मास्तर सांगायचे,
विवादी सूर म्हणजे पाहुणा.
पाट द्यावा, ताट द्यावं,
कपाटाची किल्ली देऊ नये.
आणि तीन पट्ट्या एकदम दाबल्या की
आतून ओरडायचे, "भांडी पडली काय गं?"

मास्तर, इथे भांडी पाडायचेच पैसे मिळतात.
आणि पाहुण्याला इथे उसनवारी म्हणतात.
शेजारच्या घरातून आणायचं.
सा तोच, जिना तोच, भिंत सामाईक,
फक्त पलीकडे गंधार उतरलेला,
धैवत उतरलेला,
दिवे जरा मंद.
दार वाजवायचं, एक सूर मागायचा,
काम झालं की परत.

माझ्या भिंतीपलीकडे, सातशे चारमध्ये,
थंकमणी राहायची. नर्स. कायम रात्रपाळी.
तिची उरुळी मी आणली होती,
पितळी, दोन हातांनी उचलावी अशी,
गणपतीत खिरीला.
तिचा व्हिसा रद्द झाला तेव्हा मी गावी होते.
परत आले तर दाराला नवं कुलूप
आणि बाहेर कुणाच्या तरी पोराच्या सपाता.
फोन लागतो. ती म्हणते, राहू दे, पुढच्या वेळी.
त्या पुढच्या वेळेला चार वर्षं झाली.
उरुळीत मी कांदे ठेवते.

मध्यमावर हात ठेवला. म ध सा.
मधलं बोट तेवढं मागे घेतलं,
पांढरीवरून काळीवर.
बस्स.

अंगण तेच. दिवा तोच.
पण ताटावर ताट झाकलेलं,
आणि कुणीतरी वाट बघून
भिंतीला टेकून झोपलेलं.
मग तो धैवत अर्धं पाऊल उतरून
पंचमाच्या उंबऱ्यावर टेकतो,
आणि घर उजळतं, म्हणजे जेवढं उजळायचं तेवढंच.

खेळात बरं असतं.
दर ब्याण्णव सेकंदांनी
उसनं परत करता येतं.

अडीच वाजता कांदे ओट्यावर ओतले.
उरुळी रुमालावर ठेवली, माइक जवळ घेतला,
लाकडी डावाने कडेवर एकच टोला.
कोमलही नाही, शुद्धही नाही,
दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी,
जिथे पट्टीच नाही.
संगणक विचारतो, सुरात आणू का?
नको म्हटलं.
टँकर थांबतो, मुलगी खाली उडी मारते,
तिथे ठेवून दिलं, अगदी हलकं.

सकाळी शम्साचं उत्तर:
"आता उशीर झाला. छान.
पण शेवटी ते काय वाजलं?"

शेजाऱ्यांचं आहे, मी लिहिलं.
मग कांदे परत भरले.