एकच दांडा

स्वीगर्ट्स ग्रोव्हला पोचलो तेव्हा
पार्किंगच्या गवतावर अजून दव होतं.
डेलमारनं काच खाली करून कान दिला:
टक् टक् टक् टक्,
साखळी रिकामे डबे वर चढवत होती.
"उठली," तो म्हणाला,
घरातली कुणी म्हातारी उठावी तसं.

करडी घोडी. पाइनच्या टेकूंचं नुसतं रान.
आमच्या बापाहून तीन वर्षांनी मोठी.
रोज सकाळी एक माणूस तिच्या रुळांवरून चालतो
हातोडीनं बोल्ट वाजवत,
कलिंगड टिचकीनं पारखावं तसा,
आणि आवाज बद्द आला की
खडूनं फुली मारून पुढे जातो.
काचकारखान्यातून काढल्यावर
बापानं अकरा उन्हाळे हेच केलं.
स्वतः घोडीत कधी बसला नाही.
"मला फुल्या माहीत आहेत," म्हणायचा.

रांगेत पुढे डेटनहून आलेला एक गृहस्थ,
टोपीभर बिल्ले. ही त्याची चारशे बारावी.
शेवटच्या डब्यात बसा, त्यानं न विचारता सांगितलं.
पुढच्यांना दिसतं, मागच्यांना कळतं.

फाटकाशी पाटी.
डेलमारनं ती मोठ्यानं वाचली,
शाळेत वाचायचा तशी, बोट फिरवत:
चष्मे सांभाळा. हात आत ठेवा.
गरोदर स्त्रियांनी बसू नये.
पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये.
मधली एक ओळ त्यानं गाळली.
मला वाचता येतं.
मीही गाळली.

दोघांत मिळून एकच दांडा.
तो खाली येतो आणि जाड्याच्या पोटाशी थांबतो,
बारक्याचं मग काय व्हायचं ते होवो.
लहानपणी थोराड मी.
नऊ वर्षांची, कणसासारखी भरलेली,
आणि हा काडी.
दांडा माझ्या मांड्यांवर अडायचा
आणि प्रत्येक टेकाडावर हा जागेवरून सुटायचा
माझी बाही दातांत धरून.
मला वाटायचं, मी त्याला धरलंय.
आज बावन्न वर्षांनी
दांडा त्याच्या पोटावर टेकला, खट्,
आणि माझ्या मांड्यांवर वीतभर आभाळ उरलं.
"जाडे," तो म्हणाला, "आता तुझी पाळी."

टक् टक् टक्.
खाली नदी. कारखान्याचं धुराडं,
त्याच्या तोंडातून आता एक झाड डोकावतं.
आई पॅकिंगला होती ती लांब शेड
आता कुणाच्या तरी बोटी ठेवायला.
माथ्याच्या अलीकडे, डावीकडच्या कठड्यावर
खडूची फुली. पांढरी. ताजी.
"बघितलीस?"
"काय?" तो म्हणाला,
आणि घोडी सुटली.

मी उडाले.
मी एकसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे घासलेली, उडाले,
ओरडले ते कुणाच्या आवाजात कोण जाणे,
आणि माझ्यापुढे आडवा त्याचा हात,
आई ब्रेक मारताना घालायची तसा,
तितकाच निरुपयोगी,
प्रत्येक टेकाडावर,
सगळ्या सात टेकाडांवर.

फलाटावर त्याचा चेहरा ओल्या चुन्यासारखा.
दांडा उघडला तरी तो उठेना.
च्युइंगम चघळत पोरीनं विचारलं, पुन्हा?
"दोन मिनिटं," तो म्हणाला,
सदऱ्याच्या डाव्या खिशावर तळवा ठेवून,
तिला म्हणाला की अजून कुणाला, कळलं नाही.

मग घोडीच्या पोटाखाली, बाकावर,
कागदी पेल्यात बटाट्याचे तळलेले काप.
डोक्यावरून गाडी गेली
आणि रंगाचे पांढरे कपचे आमच्या खाण्यात पडले.
त्यानं एक उचलला, निरखला,
पुसला, खिशात टाकला.
डॉक्टर काय म्हणाला ते मी विचारणार होते.
"व्हिनेगर कमी आहे," तो म्हणाला.

खिडकीशी रांग होती.
मी बाटली घेऊन वळले तर
बाकावर पोरांची झुंबड,
आणि माझ्या रिकाम्या जागेवर
डेलमारचा हात, आडवा.