दारावर थाप, टेक सात

चार दिवसांसाठी घर दिलंय त्यांना भाड्यानं.
हापसालूपासून सतरा किलोमीटर, रस्ता संपतो तिथं.
मागे दलदल, पुढे बर्चची रांग,
शेजारी म्हणावं असं कुणी नाही.
'परफेक्ट,' म्हणाला काउर. दिग्दर्शक आहे. वय एकतीस.
मी म्हटलं, छपराची डागडुजी निघेल एवढे द्या,
परफेक्ट-बिरफेक्ट तुमचं तुम्ही बघा.

आल्या आल्या त्यांनी माझे दिवे काढले.
पांढरे होते, वाचायला बरे.
आता एक पिवळा बल्ब, फडफडणारा.
तो फडफडवायला वेगळा मुलगा आहे,
बटण घेऊन शिवणयंत्राच्या टेबलावर बसतो.
बिजागरीचं तेल पुसून काढलं.
रेइगो म्हणाला, आजी, दार कुरकुरलं नाही
तर लोकांना कळणार कसं, घाबरायचं कधी?

मुलगी एकटी घरात शिरते. दिवा लावत नाही.
'कोण आहे?' असं अंधारालाच विचारते,
जणू तो नावगाव सांगणार आहे.
फोन उचलते: मेलेला.
किल्ली फिरवते: गाडी खोकते, रुसून बसते.
न्हाणीघरातलं आरशाचं कपाट उघडते, मिटते,
आणि आरशात, तिच्या खांद्यामागे,
काही नाही.
पहिल्या वेळी काही नसतंच, काउर सांगतो.
पहिल्या वेळी मांजर.
मांजर ताल्लिनहून आणलंय. माझं चालेना,
ते उडी मारत नाही, झोपतं.

मग ती तळघरात जाते.
का जाते, मी विचारलं. बटाटे आणायला?
सगळे हसले. ट्रीनेसुद्धा, गळ्यावर खोटं रक्त घेऊन.
'जावंच लागतं,' म्हणाली, 'नाहीतर पिक्चर तिथंच संपेल.'

एक पोलीस आहे, दोन दिवसांनी निवृत्त होणारा.
त्यानं नातीचा फोटो दाखवला,
तेव्हाच मला कळलं, याचं काही खरं नाही.
आणि खलनायक शेवटी खुर्चीत बसून सगळं सांगतो,
का केलं, कसं केलं, लहानपणी काय झालं होतं.
पाच पानं. पाठ होत नाहीत बिचाऱ्याला.
काल रात्री सूप वाढून मीच म्हणून घेतली.

आज सीन चौतीस. दारावर थाप.
हळू हवी, मग थांबून, मग दार हादरेल अशी.
यंत्रातून धुकं सोडतात. टेक तीन. टेक चार.
टेक सहानंतर काउर वैतागून माझ्याकडे वळला:
आजी, तुम्ही सांगा,
इथं रात्री दार वाजलं तर कसं वाजेल?

रात्री नाही वाजलं, मी म्हटलं.
सकाळ होती. मार्च, एकोणपन्नास साल.
बर्फावरून उलटून आलेलं ऊन आढ्यावर हलत होतं.
मी सहा वर्षांची.
दार कुरकुरलं नाही, तेल आई घालायची.
मुरी भुंकला, पण शेपूट हलवत,
कारण त्यांच्यातला एक दूधकेंद्रावरचा एंडेल होता.
त्यानं पायपुसण्याला बूट पुसले.
कागद वाचला. तासाभरात आवरा, म्हणाला.
का, ते नाही सांगितलं. पाच पानं सोडा, पाच शब्द नाहीत.
घड्याळ होतं भिंतीवर,
त्याची टिकटिक काही मोठी झाली नाही.
आईनं मळलेलं पीठ फडक्यानं झाकून ठेवलं,
आल्यावर भाजायला.
आणि एंडेल खाली बघत पुटपुटला,
शिवणयंत्र घ्या बरोबर.
तो चांगला की वाईट,
तुमच्यात शेवटच्या वीस मिनिटांत ठरतं.
माझं अजून ठरायचंय.
यंत्रावर आईनं तिकडे लोकांचे कोट शिवले, आम्ही जगलो.
यंत्र परत आलं. आई नाही.

बल्बवाला मुलगा टेबलावरून हळूच उतरला.
कुणी काही बोललं नाही.
मग रेइगोनं विचारलं, माइक पुढे करत,
अगदी कामाचं विचारावं तसं:
पण वाजवलं कसं?

मी उठून वाजवलं.
बोटाच्या पेरानं, दोनदा.
साखर मागायला आल्यासारखं.

काउरनं डोळे मिटून ऐकलं.
'खरं आहे,' म्हणाला, 'पण यानं कुणी घाबरणार नाही.'
टेक सात त्याच्या पद्धतीनं झाला. ओके झाला.

ते गेल्यावर मी बिजागरीला तेल घातलं.
उद्या पुसतील परत.
पुसू दे.