उजव्या पायाची क्लिप

ग्रोनिंगनला वारा नेहमी समोरूनच.
विप्के काळ्या कोटाचा घेर कमरेत खोचते,
उजव्या पायाला क्लिप, पॉलिशचे बूट पिशवीत,
कालव्याकाठी उभ्यानेच पेडल मारते.

स्मशानाच्या मागच्या खोलीत मान पुसते,
टाय सारखा करते. गालांची लाली जात नाही;
इथे एवढं जिवंत दिसणं बरं नव्हे.

आज दाराशी ती हात बांधून उभी,
तर लुर्सेमाबाई
नवऱ्याच्या शवपेटीमागून चालता चालता थांबल्या.
वाकल्या. तिच्या घोट्यावर विसरलेली क्लिप काढली,
तिच्याच हातात दिली.
"हेही जेवायला बसायचे तशीच
पायात अडकवून."

अशा वेळी काय म्हणायचं असतं
ते तिला शिकवलं होतं.
तिने मूठ मिटली.
क्लिप अजून कोमट होती.