कडेची ओळ

मोचेमाडच्या खाडीलगत, जरा उंचवट्यावर,
करप्याच्या चाचणीची आमची पट्टी.
दर पाच ओळींमागे एक ओळ
हमखास आजारी पडणाऱ्या भाताची.
तिच्यावर रोग पोसायचा,
मग वाऱ्यानं तो सगळ्यांना वाटायचा.

शेवंती केरकरनं पहिल्याच दिवशी विचारलं,
"हेंका औषद मारूचा नाय?"
नाही म्हटलं.
"म्हंजे हेंनी आजारीच रवाचा?"
मी वहीवर तारीख घातली.

श्रावण. पानं दुपारपर्यंत ओली.
मी भिंग घेऊन उकिडवी, शेवंती आकडे लिहिते.
शून्य ते नऊ. नऊ म्हणजे संपलं.
कडेच्या ओळीला नऊ, नऊ, आठ, नऊ,
डोळ्यांसारखे डाग, मधे राख, कडेनं काजळ.
सत्तेचाळीस नंबरला एक:
टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, बस.

ह्या ठिपक्याचं काय सांगू.
बुरशी आत शिरते, एक जनुक तिला ओळखतं,
आणि जिथं शिरली तिथली पेशी
शेजारणींना निरोप धाडून
स्वतः मरते. पान हिरवं राहतं.

शेवंती लिहायची थांबली.
"आज्याचो भाव देवी इल्यार मांगरात जावन रवलो.
भायरसून कडी घालूक सांगल्यान."
मग तिनं रकान्यात एक लिहिला,
जरा मोठाच.

सत्तेचाळीसचा बाप तिच्याच कणगीतला,
मूठभर लाल दाणा, उंच, वाऱ्याला लोळणारा.
त्याचं एवढं एक जनुक उचलायला
सहा पिढ्या त्याच त्या आईशी सोयरीक केली.
माणसांत कुणी केली असती तर गावानं वाळीत टाकलं असतं.

किती वर्षं टिकेल, साहेब विचारतात.
बुरशीही शिकते. एखादं अक्षर बदलते,
आणि दारातून ओळखू येत नाही.
मी "चार" लिहिते. पेन्सिलीनं.

कापणीला सत्तेचाळीस पिशवीत गेलं, चिठ्ठी बांधून.
कडेच्या ओळीत नुसतं पळंज. ते जाळलं.

तिचं बी मात्र वर, विहिरीजवळ,
वेगळ्या वाफ्यात वाढतंय, निरोगी.
पुढच्या वर्षी तिला पुन्हा आजारी पडायचंय.
तिथं औषध मारायला
शेवंती मला हात लावू देत नाही.