आपलीच गेली की सगळ्यांची

इद्रिस म्हणाला, ताई, साइनवेव्हच घ्या,
साध्यावर ते मशीन गुरगुरतं.
लिफ्ट बंद. बॅटरी खांद्यावर घेऊन चार जिने चढला
आणि दारातून ओरडला, दीडशे एएच!
जणू पाळण्यातलं नाव जाहीर करतोय.

आईचं शिलाई मशीन होतं त्या कोपऱ्यात ती बसली.
शेजारी डिस्टिल्ड वॉटरच्या दोन बाटल्या,
त्यांवर निहारनं स्केचपेननं लिहिलं: पिऊ नये.
अण्णांना दाखवलं, ते हसले,
हसणं खोकल्यात गेलं, खोकला बराच वेळ राहिला.

सव्वीस वर्षं रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात.
रुमाल कधी निळा यायचा घरी, कधी जांभळा,
आम्ही भावंडं पैजा लावायचो.
आता नाकात नळी,
आणि पलंगाशी रात्रंदिवस घोरणारं मशीन.
त्याची वायर भिंतीपर्यंत दिसते.
पुढे ती कुठे कुठे जाते, हे मला आता ठाऊक आहे:
ऐरोलीच्या खाडीत चिखलात पाय रोवून उभे असलेले ते मनोरे,
ज्यांच्याकडे मी पूर्वी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

फ्रिजवर यादी.
सेल, टॉर्च, ओआरएस, बिस्किटं, पिण्याचं पाणी वीस लिटर
(टाकीचा पंपही विजेवरच, हे रात्री दोनला आठवलं),
सिलिंडर एक, भरलेला.
यादी करताना बरं वाटतं.
खरं सांगायचं तर यादीचा तेवढाच उपयोग.

म्हणून शनिवारी नऊ वाजता
मीच मेन स्विच खाली केला.

टक्.
मशीन थांबलं. क्षणभरच,
पण त्या क्षणात अण्णांनी माझ्याकडे पाहिलं
तसं कुणी कुणाकडे पाहू नये.
मग इन्व्हर्टरनं शिट्टी दिली, घोरणं परत आलं.
वहीत लिहिलं, नऊ शून्य शून्य.
पंखा नको, टीव्ही नको, फ्रिज उघडायचा नाही.
सिलिंडरची चावी सापडेना.
सापडली ती मिक्सरच्या भांड्यात, का ते विचारू नका.

अंधारात पहिला प्रश्न आपण घड्याळाला विचारत नाही,
खिडकीला विचारतो: आपलीच गेली की सगळ्यांची?
समोरच्या इमारतीत सगळे जेवत होते, भांडत होते,
कुणाकडे तरी वॉशिंग मशीन फिरत होतं.
आपलीच.
हा अंधार वेगळा असतो, जरा लाज वाटते त्यात.

दारावर थापा. बेलही गेलीच होती.
लीलम्मा कुरियन, गाउनवर ओढणी,
हातात नारिंगी एक्स्टेन्शन वायरचं वेटोळं.
"मोळे, तुमचीच गेली? आमची आहे.
खिडकी काळी दिसली, अप्पच्चनची मशीन आठवली."
म्हटलं, तालीम आहे.
"नाटक?"
हो, नाटकच.
वेटोळं मांडीवर घेऊन ती पलंगाशी बसली, पहिल्या रांगेत.

अकराच्या सुमारास अण्णा आपणहून बोलू लागले.
कारखान्यात लाईट गेली की ढवळणी थांबायची,
वाफ हळूहळू खाली बसायची,
फोरमन शिव्या देत जनरेटरकडे पळायचा
आणि आम्ही सगळे मागच्या दारानं बाहेर.
"काही करायचो नाही गं.
नुसते उभे राहायचो कुंपणाशी.
लाईट गेली की तेवढा श्वास मिळायचा."

लीलम्मा काही बोलली नाही.
मी वहीत बघत राहिले, वहीत काहीच नवं नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटांनी बॅटरी टिटटिटू लागली.
मी उठले तर म्हणाले, थांब जरा.
दोन टिटटिटी थांबले.
तिसरीला नाही थांबले.

मेन वर केला, आणि सगळे दिवे एकदम लागले,
नको होते तेही.
तीन तास दहा मिनिटं, असं लिहून खाली रेघ मारली.
लीलम्मा गेली. वायर चपलांच्या रॅकवर राहिली.
सकाळी परत करायला निघाले,
तर निहारनं तिचं एक टोक
आधीच दाराच्या फटीतून बाहेर सोडून
किती पुरतं ते मोजलं होतं.